आंजीच्या विहिरीची सात मिनिटं

वर्ध्यात सेलू रस्त्यावरच्या पाण्याच्या ऑफिसात नत्थूजी कामडी यांचा हुद्दा होता गणक. लोक उन्हातान्हात हिंडून विहिरीत फीत सोडायचे, पाणी किती खाली आहे ते वहीत लिहून आणायचे आणि नत्थूजी सावलीत बसून त्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करायचे. चोवीस वर्षांत जिल्ह्यातल्या शेकडो विहिरींचा हिशेब त्यांच्या हाताखालून गेला होता. प्रत्यक्षात वाकून पाहिलेली विहीर म्हणाल तर एकच, आंजीची, आणि तीसुद्धा त्यांच्या भावाच्या वावरातली होती म्हणून.

गाव आंजी मोठी. घरी शेती होती, पण दोन भावांतला एक मॅट्रिक झाला म्हणजे त्याला वखर हाकायला ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून धाकट्याला वर्ध्याला धाडलं. थोरले वासुदेवराव शेतीवर राहिले. सुरुवातीला ऑफिसात आकडेमोडीचं एक लोखंडी यंत्र होतं. दांडा फिरवला की खडखड आवाज करत बेरीज पुढं सरकायची. मधेच कुणी यंत्र मागितलं तर सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. म्हणून नत्थूजींनी स्वतःपुरता एक नियम केला होता. अर्धी बेरीज सोडून उठायचं नाही. चहा निवून जावो, साहेब हाक मारो, टेबलाला आग लागो, ओळीच्या तळाशी पोचल्याशिवाय हा माणूस मान वर करत नसे. नवी पोरं टिंगल करायची. नत्थूजींना त्या नियमाचा अभिमान होता, निदान चौऱ्याहत्तर सालापर्यंत तरी होता.

त्या साली जयवंता गेली, त्यांची बायको. मूलबाळ नव्हतं. रामनगरातली एक खोली, एक स्टोव्ह, एक रेडिओ, तोही खरखरणारा. साडेपाचला ऑफिस सुटलं की दुसऱ्या दिवशी साडेदहापर्यंत नत्थूजींशी कुणी बोलत नसे. दूधवाला "दूध" म्हणायचा, एवढंच. शनिवारी दुपारी सुटलेला माणूस सोमवारी सकाळी परत यायचा तेव्हा पहिला शब्द काढताना आवाज बसलेला असायचा. सर्दी नव्हे. दीड दिवस तो वापरलेलाच नसायचा.

पंच्याऐंशी साली ऑफिसात कॉम्प्युटर आला. आला म्हणजे काय, नवरीच आली. त्याच्यासाठी वेगळी खोली, खिडक्यांना पडदे, थंड हवेचं यंत्र, आणि दाराबाहेर पाटी, 'चपला बाहेर काढाव्यात'. देवळात नाही ती शिस्त तिथं लागली. साहेबांचं नाव किसनराव. माणूस मनानं चांगला, पण नव्या वस्तूनं हुरळून जाणारा. त्यांनी पुण्याच्या एका तज्ज्ञाकडून प्रोग्राम करून आणला. विहिरीची खोली, खडकाचा प्रकार आणि पाऊस सांगितला की वर्षभरात कोणत्या महिन्यात पाणी किती खाली जाईल ते तो सांगायचा. प्रत्येक विहीर तीनदा चालवायची. कमी पाऊस, बरा पाऊस, भरपूर पाऊस. विहिरी दोनशे चौदा.

तज्ज्ञ हुशार होता, पण एक गोष्ट विसरला होता. त्याचा प्रोग्राम बारा महिन्यांचे आकडे पडद्यावर दाखवायचा, कुठंही जपून ठेवायचा नाही. पुढचं बटण दाबलं की आकडे गेले. म्हणून साहेबांनी ऑफिसची जुनीच पद्धत लावली. एकानं पडद्यावरून वाचायचं, दुसऱ्यानं रजिस्टरात लिहायचं. मग लिहिणाऱ्यानं उलट वाचायचं आणि पहिल्यानं पडद्यावर बोट ठेवून 'हो' म्हणायचं. दोन माणसांच्या सह्या झाल्याशिवाय साहेब आकडा मानत नसत. लिहायला नत्थूजी आणि वाचायला शरयूताई.

शरयू पांढरीपांडे चौतिशीतली. टायपिस्ट म्हणून लागली, मग सहायक झाली. नवरा, कृष्णकांत, अकोल्याच्या कॉलेजात शिकवायचा. सात वर्षांची नलू तिथंच आजीजवळ. शरयू वर्ध्यात मावशीकडे राहायची आणि पंधरा दिवसांनी एकदा गाडीत बसून लेकीला भेटून यायची. ऑफिसची एक शाखा अकोल्याला होती. तिनं बदलीचा अर्ज करून दोन वर्षं झाली होती. साहेब म्हणायचे, "देतो ना मी तुम्हाला, नाही कुठे म्हणतो? पण विहिरी संपू द्या. वाचायला दुसरा माणूस कुठून आणू?"

मशीन दुपारी तीन ते साडेपाच या दोघांच्या वाट्याला होतं. दाराबाहेर चपलांचे दोन जोड काढायचे, आत जायचं, आकडे भरायचे आणि बटण दाबायचं. मग मशीन विचार करत बसायचं. बरोबर सात मिनिटं. उठून जावं तर सात मिनिटांत होण्यासारखं काही नाही, चहा आत आणायला बंदी, आणि दोन माणसं एका बंद खोलीत गप्प तरी किती बसणार?

पहिले तीन-चार दिवस नत्थूजी बसले. मग शरयूनंच विचारलं, "नत्थूजी, स्वयंपाक तुम्हीच करता का हो?"

"होय ना. आता कोन करून देते?"

"काय करता?"

नत्थूजींना नवल वाटलं. हा प्रश्न त्यांना बारा वर्षांत कुणी विचारला नव्हता. "वरण-भात," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, जणू गुन्हा कबूल करावा तसं, "कधी कधी नुसतं वरणच पितो." शरयू हसली. तेवढ्यात पडद्यावर आकडे आले. "जानेवारी, चार पॉइंट सहा," तिनं वाचायला सुरुवात केली.

असं ते सुरू झालं. दिवसाला दोन विहिरी व्हायच्या, वीज राहिली तर तीन. वीज गेली की चालू असलेली विहीर पुन्हा पहिल्यापासून. ऑफिसात बाकीचे विजेच्या नावानं बोटं मोडायचे. नत्थूजी मोडत नसत.

गोष्टी सात-सात मिनिटांच्या तुकड्यांत सांगितल्या जायच्या. देवळी तालुका आधी होता. नाचणगावच्या एका विहिरीवर शरयूनं तिचं लग्न कसं जमलं ते सांगितलं. त्याला तिन्ही पाऊस लागले, कारण मधे आकडे यायचे आणि सासूबाईंचं वाक्य अर्ध्यावर तोडून "मे, अकरा पॉइंट दोन" म्हणावं लागायचं. पुलगावकडच्या विहिरींवर तिच्या वडिलांचं आजारपण निघालं. सेलूच्या विहिरी लागल्या तेव्हा नत्थूजी सांगू लागले. लहानपणी आंब्यावरून पडलो ते, मॅट्रिकच्या निकालाला चालत वर्ध्याला आलतो ते. जयवंता भुलाबाईची गाणी म्हणायची, आवाज भसाडा होता पण एकही कडवं चुकायची नाही, तेही सांगितलं. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की सोमवारी आता आवाज बसलेला नसतो. रविवारी खोलीत ते मनाशी ठरवायचे, उद्या पहिल्या विहिरीला काय सांगायचं.

रजिस्टरात फक्त आकडे होते. पण नत्थूजींना विचारलं असतं तर कोणत्या विहिरीवर काय बोलणं झालं ते त्यांनी पान न उलटता सांगितलं असतं.

एकदा शरयूनं विचारलं, "जयवंतावहिनींना काय झालं होतं, नत्थूजी?"

"आंजीची इहीर येऊ द्या ताई. एकशे अठ्ठ्याऐंशी नंबरची. मंग सांगतो."

"तिथं काय आहे?"

"थे आमच्याच वावरातली आहे."

तिनं पुन्हा विचारलं नाही. वर्धा तालुका सगळ्यात शेवटी होता. नत्थूजींनी हिशेब केला, जुलैपर्यंत आंजी येईल. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, भावालासुद्धा नाही. आता सांगायला माणूस होतं आणि वेळही ठरली होती.

मशीनबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं होतं. ते कुणी उघडत नसे. नत्थूजी उघडायचे, डिक्शनरी शेजारी घेऊन, रोज सकाळी एक पान. एप्रिलात त्यांना त्यात एक जागा सापडली. मशीनला द्यायच्या आज्ञा एकाखाली एक लिहून एका फाइलीत ठेवता येतात. मग फाइलीचं नाव सांगितलं की मशीन त्या सगळ्या आपल्या आपण पाळतं, एक झाली की दुसरी. प्रोग्राम जे आकडे आपल्याला विचारतो तेही आधीच लिहून ठेवता येतात. आणि पडद्यावर जे येणार ते, आज्ञेच्या शेवटी बाणासारखी एक खूण करून फाइलीचं नाव दिलं, की पडद्याऐवजी फ्लॉपीवर जाऊन बसतं.

नत्थूजींना आनंद झाला, आणि त्या आनंदात त्यांनी पुढचा विचार केला नाही. चोवीस वर्षं आकडेमोड केलेला माणूस, अशी युक्ती सापडल्यावर गप्प कसा बसेल? ते थेट साहेबांकडे गेले. साहेब खुर्चीतून उठलेच. "म्हणजे माणूस लागणारच नाही?"

शनिवारी दुपारी ऑफिस सुटल्यावर दहा विहिरी तिन्ही पावसांसकट मशीनला लावून दिल्या. साडेतीन तास नत्थूजी शेजारी बसून राहिले. वीज राहिली. मशीन मधूनमधून टिकटिक करायचं. बोलणारं कुणी नव्हतं तेव्हा ती सात मिनिटं किती लांब असतात हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

सोमवारी साहेबांनी सगळ्यांना प्रिंटरभोवती गोळा केलं. चपला काढून, हात बांधून, आरतीला उभं राहावं तसे सगळे उभे. तीस पानं यायची होती. प्रिंटरनं करकर करत एक पान काढलं आणि थांबला. कुणीतरी खोकलं. त्या पानावर शेवटच्या विहिरीचा शेवटचा पाऊस होता, बाकी कशाचा पत्ता नाही.

"बघा," साहेब म्हणाले. त्यांचं तोंड उतरलं होतं. "मशीनचं काही खरं नाही. चालू द्या तुमचं हातानंच." शरयूचा चेहरा पडला, आणि तो पडलेला नत्थूजींनी पाहिला.

चूक त्यांना त्याच दिवशी सापडली. पुस्तकात खालच्याच ओळीत होती. एक बाण काढला तर मशीन फाइल कोरी करून नव्यानं लिहितं. दोन बाण काढले तर आधीच्याखाली जोडत जातं. एकोणतीस वेळा मशीननं इमानदारीनं आकडे लिहिले होते आणि तितक्याच वेळा स्वतःच्या हातानं पुसले होते. अजून एक बाण, की झालं.

नत्थूजींनी पुस्तक मिटलं. तीन वाजले होते. दाराबाहेर शरयूच्या चपला होत्या. ते आत गेले, रजिस्टर उघडलं आणि म्हणाले, "चला ताई, कोनती घ्याची?"

नऊ दिवस ते मूग गिळून बसले. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगू. रोज तीन वाजता दोन जोड चपला पाहिल्या की बेत मोडायचा. यात पाप काय आहे, असंही मनाला विचारून पाहिलं. आपण खोटं कुठं बोललो? कुणी विचारलंच नाही. पण शरयू हसली की आता त्यांना तिच्याकडे पाहवत नसे. ते रजिस्टरात पाहून हसायचे.

नवव्या दिवशी ती अकोल्याहून आली होती. बटण दाबून झालं. ती म्हणाली, "नलूचा पुढचा दात पडला होता, नत्थूजी. काडीपेटीत ठेवला होता म्हणे, आई आली की दाखवीन म्हणून. मागच्या खेपेला मला सुट्टी मिळाली नाही ना? तर या वेळी गेले, पेटी कुठेतरी हरवलेली. आणि तोंडात नवा दात." ती हसली. मग चष्मा काढून पदरानं पुसत बसली. पुसायचा तेवढा पुसून झाला तरी पुसतच होती. आकडे आले तेव्हा तिनं मार्च दोनदा वाचला आणि एप्रिल गाळला. तीन महिन्यांत ती पहिल्यांदा चुकली होती.

त्या संध्याकाळी खोलीत नत्थूजींनी स्टोव्ह पेटवला नाही. त्यांना चौऱ्याहत्तर सालची दुपार दिसत होती. कापसाच्या वेचणीसाठी जयवंता आंजीला गेलेली. दोन वाजता भावाचा माणूस ऑफिसात आला. "वयनीले ताप आहे, तुमाले बलावलं." तीनची गाडी होती. यंत्रावर एका मोठ्या तक्त्याची बेरीज अर्ध्यावर आली होती. ताप काय, उतरेल, असं म्हणून त्यांनी माणसाला पुढं लावून दिलं आणि दांडा फिरवत राहिले. बेरीज बरोबर आली. एक्केचाळीस हजार तीनशे बहात्तर. सहाच्या गाडीनं ते आंजीला पोचले तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती. जयवंता दिवस बुडता बुडता गेली होती. वावरातल्या विहिरीचं थंड पाणी मागत होती आणि दर खेपेला विचारत होती, थे आले का?

तेव्हा आपण आपली बेरीज सोडली नाही. आता दुसऱ्याच्या बायकोला, दुसऱ्याच्या आईला आपल्या बेरजेसाठी धरून ठेवलं आहे. फरक एवढाच की या वेळी आपल्याला माहीत आहे. नत्थूजींना स्वतःची किळस आली. भांड्यातलं पाणी पिऊन ते तसेच आडवे झाले.

सकाळी साडेदहाला ते साहेबांच्या दारात उभे होते. पुढच्या शनिवारी पुन्हा दहा विहिरी लावल्या, दोन बाणांनी. सोमवारी प्रिंटर थांबेचना. पानांची लांबच लांब पट्टी जमिनीवर घड्या घालत पडू लागली, साहेब ती दोन्ही हातांनी झेलू लागले. त्याच आठवड्यात शरयूच्या बदलीचा कागद निघाला.

शेवटच्या दिवशी नत्थूजींनी तिला व्हरांड्यात गाठलं. "ताई, एक सांगाचं होतं. थो दुसरा बाण मले पहिल्याच दिवशी सापडला होता. नऊ दिवस मी सांगतलं नाई."

"काऊन?" 'का' ऐवजी शरयूच्या तोंडून त्यांचाच शब्द गेला.

"तुमी गेल्यावर माह्यासंग कोन बोलते जी?"

रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. तिनं व्हरांड्याच्या कठड्यावरची धूळ बोटानं सारली. मग म्हणाली, "आंजीची विहीर मशीनला देऊ नका. दिवाळीत मी येईन, आपण ती हातानं करू. तुम्हाला सांगायचं आहे ना मला?" आतून हाक आली. शाल, नारळ, साहेबांचं भाषण. बोलायला सात मिनिटं काही मिळाली नाहीत.

उरलेल्या विहिरी मशीननं उन्हाळ्यातच संपवल्या. नत्थूजींनी यादीतून एकच ओळ गाळली. साहेब रजिस्टर आणि पानं मिळून विहिरी मोजत म्हणाले, "दोनशे तेरा? एक कुठे गेली?"

"थे हातानं करतो साहेब. आकडे पाह्याचे आहे जरा."

नव्या पानांवर आकडे स्वच्छ होते, एकही खाडाखोड नाही. नत्थूजी ते चाळायचे आणि कोणत्याच विहिरीवर त्यांना काही आठवायचं नाही. रविवारनंतर आवाज पुन्हा बसायला लागला.

दिवाळीच्या तोंडावर कार्ड आलं. नलूची शाळा, सासूबाईंचा पाय मोडला, या खेपेला जमत नाही. शेवटी लिहिलं होतं, 'आंजी राहू द्या, मी नक्की येईन.' नत्थूजींनी राहू दिली. नोव्हेंबर संपत आला. अहवाल वर पाठवायचा होता. साहेबांनी दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा त्यांच्या कपाळावर आठी आली.

मग एका दुपारी तीन वाजता नत्थूजींनी दाराबाहेर चपला काढल्या. आत जाऊन जुनं रजिस्टर उघडलं, दुसरी खुर्ची होती तिथं सरळ करून ठेवली. खोली, खडक, कमी पाऊस. बटण दाबलं. घड्याळ पाहिलं, तीन वाजून बारा मिनिटं.

"ताई," ते म्हणाले. आवाज बसलेला होता. खाकरून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "दोन वाजता मानूस आलता. तिले ताप होता. तीनची गाडी होती. माही बेरीज अर्धी होती, म्हनून मी नाई गेलो. एक्केचाळीस हजार तीनशे बहात्तर आली. सहाच्या गाडीनं गेलो, तं ते नव्हती. पानी मांगे म्हनते, याच इहिरीचं. अन् इचारे, थे आले का."

पुढं काय सांगायचं ते त्यांना सुचेना. सांगण्यासारखं आणखी काही नव्हतंच. खुर्चीवर कुणी नव्हतं. पडदा अजून काळा होता.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून तेरा मिनिटं. बारा वर्षं जे कुणाला सांगवलं नाही त्याला एकच मिनिट लागलं होतं. आकडे यायला अजून सहा मिनिटं होती.